कोणी खोडलं, कोणी लिहिलं

सकाळी साडेनऊ

उमरेडला तहसीलच्या आजूबाजूला टायपिंग, झेरॉक्स, मुद्रांक आणि चहा अशी दुकानं एकमेकांच्या आधारानं उभी आहेत. कचेरी पावणेदहाला उघडते. बेला, सिर्सी, मकरधोकड्याकडून सकाळच्या गाडीनं आलेला माणूस मात्र त्याआधीच हातात पिशवी आणि पिशवीत सातबारा घेऊन उभा असतो. त्यामुळे माझ्या दुकानाचं शटर वर गेलं की पहिलं काम मोबाइल संगणकाला जोडायचं. रात्रीतून वकिलांनी, सचिवांनी, विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फायली पाठवलेल्या असतात. नावं ठरलेली: ‘विक्रीपत्र फायनल’, ‘विक्रीपत्र फायनल नवीन’, ‘विक्रीपत्र फायनल नवीन बघा’.

आलेली प्रत्येक फाइल आधी तारखेच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवते आणि काम तिच्या नकलेवर करते. फाइल उघडली की मजकूर वाचण्याआधी रिव्ह्यू टॅबवर जाऊन खुणा कशा दाखवल्या जात आहेत ते बघायचं. वर्ड 2013 पासून सिंपल मार्कअप हे दृश्य आपोआप येतं. त्यात दुरुस्त्या झाल्यासारखा स्वच्छ मजकूर दिसतो आणि समासात नुसती एक लाल उभी रेघ असते. नो मार्कअपमध्ये तीही दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं फाइल साफ आहे. खोडलेलं सगळं आत तसंच बसलेलं असतं. मी ऑल मार्कअप लावते, मगच पहिली ओळ वाचते.

दहा

“ताई, हे अक्षर एवढं बारीक काहून आलं जी? अन् बाजूला हे फुगे कायचे?”

शेजारच्या दुकानातून काढलेली प्रिंट घेऊन एक काका आले. सोबत विकत घेणारा. दुपारी दुय्यम निबंधकाकडे दस्त लावायचा होता. कागदाच्या उजव्या बाजूला पट्टा, त्यात ‘डिलीटेड’ असं लिहिलेले फुगे आणि मूळ मजकूर आक्रसून डावीकडे. प्रिंटच्या पानावर प्रिंट मार्कअप नावाची एक खूण असते. ती काढली की फुगे जातात, अक्षर पूर्ववत होतं, प्रिंट देखणी येते. बहुतेक ठिकाणी एवढंच करून पैसे घेतात.

मला ते पटत नाही. खूण काढून छापलं तर प्रत्येक दुरुस्ती मान्य झाल्यासारखाच कागद बाहेर येतो, आणि ती मान्य कोणी केली याला उत्तर नसतं. म्हणून काकांना बसवलं आणि मसुदा करणाऱ्या वकीलसाहेबांकडून फाइल मागवून पडद्यावर उघडली. शेताच्या वर्णनात 1.62 हे.आर. वर लाल काट होती, पुढे अधोरेखित 0.81 हे.आर. चार एकरांतली दोनच एकर विकायची असं नंतर ठरलं होतं. ते बरोबर. पण खाली परिशिष्टात 1.62 तसंच उभं होतं. चतुःसीमेत ‘पूर्वेस विक्री करून देणार यांची उर्वरित जमीन’ हे वाक्य होतं आणि त्यावर एकही लाल खूण नव्हती. चार एकर विकायची असताना उर्वरित जमीन कुठून येईल? म्हणजे हे वाक्यही नंतरच घातलेलं होतं, पण ट्रॅकिंग बंद असताना.

ट्रॅक चेंजेस चालू असतानाचेच बदल नोंदले जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकत्र दाबलं गेलं की ते चालू किंवा बंद होतं, आणि घाईत ते कळतही नाही. अशा वेळी कम्पेअर कामाला येतं. आठवडाभरापूर्वी साहेबांनी पाठवलेला पहिला मसुदा माझ्या फोल्डरमध्ये होता. रिव्ह्यूमध्ये कम्पेअर, मूळ म्हणून तो, सुधारित म्हणून आजचा. नवीन फाइल उघडली आणि न बोलता झालेला बदलही लाल होऊन समोर आला. साहेबांना फोन लावला. क्षेत्र त्यांनी स्वतः बदललं होतं, चतुःसीमा ज्युनिअरला फोनवर सांगितली होती, परिशिष्ट दोघांच्याही हातून राहिलं होतं. साहेब कोर्टातून येता येता दुकानावर आले. एकेक बदल काकांना वाचून दाखवला, विकत घेणाऱ्यालाही, आणि एकेक अ‍ॅक्सेप्ट केला. परिशिष्ट दुरुस्त झालं. मग प्रिंट.

यात अर्धा तास गेला. नोंदणी झाल्यावर हीच चूक सापडली असती तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागला असता, आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा निबंधकासमोर यावं लागतं. नोंदणीआधी कागदावर पेनानं दुरुस्ती करायची सोय आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 20 सांगतं की दस्तात खाडाखोड, ओळींमधलं लिखाण किंवा कोरी जागा असेल आणि तिथे लिहून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरं नसतील, तर निबंधक दस्त नाकारू शकतो. शंभर वर्षांहून जुनी तरतूद आहे आणि आजही तिच्यात मला काही कमी वाटत नाही. खोडलं तर खोडल्याजवळ सही हवी.

साहेब गेल्यावर काकांनी विचारलं, “पण ताई, खोडलेलं दिसतेच काहून? मिटवून टाका ना.” शेतकऱ्याला हे समजावायला सातबारा पुरतो. दस्त नोंदला की त्याची माहिती ई-फेरफारमध्ये जाते, पटवारी गाव नमुना 6 मध्ये नोंद घेतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण 6-अ मध्ये जातं. सातबारावरचं जुनं नाव कोणी रबरानं पुसत नाही. त्याला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक येतो, आणि तो क्रमांक धरून आजोबांच्या काळापर्यंत मागे जाता येतं. काका म्हणाले, “म्हणजे हे लाल म्हणजे नोटीस अजून निघून राहिली.” मी गेली काही वर्षं हे अनेकांना समजावते आहे, इतकं नेमकं मला बोलता आलेलं नाही.

साडेअकरा

एका पतसंस्थेचे सचिव आले. नाव सांगत नाही. उपविधी दुरुस्तीचा मसुदा होता, सहकार कायद्याच्या कलम 13 प्रमाणे निबंधकांकडे मंजुरीला जायचा. त्यासोबत तक्ता लागतो: अस्तित्वातला मजकूर, दुरुस्तीनंतरचा मजकूर, दुरुस्तीचं कारण. चार संचालकांनी आपापल्या घरी बसून दुरुस्त्या केल्या होत्या आणि प्रत्येक दुरुस्तीचं कारण ती सुचवणाऱ्यालाच विचारायचं होतं. फाइल उघडली तर सगळ्या खुणा एकाच रंगात, एकाच नावाच्या: ‘ऑथर’. वेळही गेलेली.

हे असं होतं कारण कोणीतरी मधल्या काळात फाइलची तपासणी करणारं डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवून वैयक्तिक माहिती काढून टाकलेली असते. त्यानंतर फाइल प्रत्येक वेळी सेव्ह होताना नावं पुसत राहते. ट्रस्ट सेंटरच्या प्रायव्हसी पर्यायांत त्याची खूण असते. ती काढली की पुढच्या बदलांना नावं लागतात. गेलेली नावं परत येत नाहीत, हे सचिवांना स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

मग विचारलं, प्रत्येकानं आपली प्रत वेगळी पाठवली होती का? पाठवली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर, चौघांनी. त्या चारही प्रती मिळाल्या. तिथे वेगळीच अडचण. चौघांच्या खुणांवर नाव होतं ‘अ‍ॅडमिन’. गावात संगणक विकत घेताना दुकानदार सगळं भरून देतो, वापरणाऱ्याचं नाव तो ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘युजर’ ठेवतो, आणि मालक ते कधी बदलत नाही. माझा उपाय असा: मूळ उपविधीशी प्रत्येकाची प्रत वेगवेगळी कम्पेअर करायची, आणि त्या चौकटीत बदलांना कोणाचं नाव लावायचं ते विचारणाऱ्या रकान्यात त्या संचालकाचं नाव घालायचं. अशा चार फायली झाल्या की कम्बाइननं त्या एकेक करून एकत्र आणायच्या. आता चार रंग, चार नावं. एका कलमावर दोघांनी परस्परविरोधी दुरुस्ती सुचवलेली होती, तीही उघड झाली. ती कोणती ठेवायची हे मी ठरवत नाही. ते सभेचं काम.

सचिवांना एक कागद लिहून दिला: फाइल मेनू, ऑप्शन्स, जनरल, युजर नेम, तिथे स्वतःचं पूर्ण नाव, खाली आद्याक्षरं. ज्यांच्या वर्डमध्ये ईमेलनं साइन-इन केलेलं असतं त्यांनी तिथलीच ‘ऑल्वेज यूज दीज व्हॅल्यूज’ ही खूणही करायची. चौघांनी एवढं केलं असतं तर माझी गरजच नव्हती.

एक

डबा. पोळी, वरण, वांग्याची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा. लाइन गेली, इन्व्हर्टरवर फक्त एक संगणक ठेवला.

दोन

दुपारी नागपूर विद्यापीठात पीएच.डी. करणारी एक मुलगी आली. खाणीच्या वसाहतीत राहते, उमरेडच्या परिसरातल्या बोलीवर काम करते. मार्गदर्शक नागपूरला. तिनं प्रबंध कृतिदेवमध्ये टाइप केला होता, सरांनी त्यावरच ट्रॅक चेंजेस लावून तपासला, आणि आता युनिकोडमध्ये हवा होता. तिनं पहिलं प्रकरण रूपांतर करणाऱ्या साधनात टाकून बघितलं. सगळ्या खुणा नाहीशा झाल्या. खोडलेले आणि घातलेले शब्द एकमेकांना चिकटून आले. मग तिनं रूपांतरित मजकूर जुन्या फाइलीत पेस्ट केला, तर आख्खं प्रकरण लाल. जुनं सगळं खोडलेलं, नवं सगळं घातलेलं.

विदर्भात ही अडचण रोजची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, म्हणून इथे नीट लिहिते. कृतिदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी कळा साठवलेल्या असतात. त्यातला ‘कि’ संगणकाच्या लेखी एफ आणि डी. ‘की’ म्हणजे डी आणि एच. सरांनी ‘कि’चा ‘की’ केला तेव्हा वर्डनं एक एफ खोडला आणि एक एच घातला. रूपांतर करणाऱ्या साधनाला खोडणं-घालणं कळतच नाही, त्याला फक्त अक्षरांची माळ मिळते. एफ, डी, एच अशी माळ गेली तर बाहेर येणारा शब्द कोणत्याच भाषेत नसतो.

करायचं असं. सरांच्या फाइलीच्या दोन नकला घ्यायच्या. एकीत सगळे बदल रिजेक्ट करायचे: हा मुलीचा मूळ मजकूर. दुसरीत सगळे अ‍ॅक्सेप्ट करायचे: हा सरांचा मजकूर. आता दोन्हींत एकही खूण नाही. दोन्ही वेगवेगळ्या युनिकोडमध्ये बदलायच्या. मग मुलीची मूळ आणि सरांची सुधारित अशी कम्पेअर करायची, लेबलमध्ये सरांचं नाव. सरांची प्रत्येक दुरुस्ती युनिकोडमध्ये जिवंत होऊन परत येते. समासातल्या टिप्पण्या मात्र या वाटेनं येत नाहीत. त्या आधीच खुणांसकट छापून घ्यायच्या आणि हातानं पुन्हा लावायच्या. कम्पेअर करताना फॉरमॅटिंगची खूण काढून ठेवायची, नाहीतर टंक आणि अंतराच्या शेकडो नोंदींत एक ‘की’ सापडणार नाही.

पहिल्या प्रकरणाची पहिली दोन पानं तिच्यासमोर केली. तिसऱ्या परिच्छेदात सरांनी ‘ग्रामीण लोक अशुद्ध बोलतात’ हे खोडून ‘ग्रामीण भागात असे बोलले जाते’ असं केलं होतं. रूपांतराच्या पहिल्या प्रयत्नात ही दुरुस्ती हरवून तिचं जुनं वाक्यही नव्याला चिकटून छापलं जाण्याची वेळ आली होती. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाली, “सरांनी हे बदललं हे मले माहीतच नव्हतं ताई.” तिला सांगितलं, अ‍ॅक्सेप्ट ऑलचं बटण विसरून जा. एकेक बदल वाच, कळला तर घे, नाही कळला तर सरांना विचार.

तिला आणखी एक सांगितलं. युनिकोडमध्ये काम करताना नुसती वेलांटी खोडून नवी वेलांटी घालू नये. खूण अक्षराच्या मधोमध पडते, कधी सुटी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर दिसते, आणि वाचणाऱ्याला शब्द लागत नाही. सबंध शब्द खोडावा, सबंध शब्द लिहावा. पुढच्या माणसाला जुनं आणि नवं शेजारी शेजारी दिसतं.

चार

मिरचीच्या भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. प्रकल्प अहवाल गूगल डॉक्सवर, संचालक तीन तालुक्यांत, बहुतेकांच्या हातात फक्त मोबाइल. तक्रार अशी की रात्री लिहिलेलं सकाळी गायब. उघडून बघितलं तर दुवा सगळ्यांना ‘एडिटर’ म्हणून दिलेला. ज्याला जे सुचलं ते त्यानं सरळ मजकुरात लिहिलं, दुसऱ्यानं पुसलं. शिवाय एकानं फाइल वर्डमध्ये उतरवून घेतली, त्यावर काम केलं आणि पुन्हा वर चढवली, त्यामुळे एकाच अहवालाच्या दोन वाटा झाल्या.

हे तुलनेनं सोपं होतं. व्हर्जन हिस्टरीत रात्रीची प्रत नावासकट आणि वेळेसकट सापडली. तिथून गायब परिच्छेद उचलला. वर्डमधली प्रत कम्पेअरनं जुळवली. मग सगळ्यांचा हक्क ‘कमेंटर’ केला आणि फक्त कंपनीचे लेखापाल व अध्यक्ष यांना संपादक ठेवलं. कमेंटरला मजकूर थेट बदलताच येत नाही, त्याचं लिहिणं सूचना म्हणून येतं. अध्यक्षांना आधी ते पटेना, “सगळे आपलेच हाय ना जी.” सगळे आपलेच आहेत म्हणूनच कोणी काय सुचवलं ते सगळ्यांना दिसावं, एवढंच म्हटलं. ते पटलं.

सहा

बाहेर जाणारी पत्रं. संस्थांची, निवेदनं, खाणीसाठी जमीन गेलेल्यांचे अर्ज. इथे गरज नेमकी उलटी असते. घरातल्या चर्चेत प्रत्येक खूण हवी, बाहेर जाणाऱ्या फाइलीत एकही नको. ऑक्टोबर 2005 मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येवरचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल वर्ड फाइल म्हणून बाहेर पडला. तपास डेटलेव्ह मेहलिस यांच्याकडे होता. पत्रकारांनी फाइल उघडून खुणा दाखवल्या तर अंतिम मजकुरातून काढलेली नावं वाचता आली, त्यात सीरियाच्या तत्कालीन अध्यक्षांचे भाऊ आणि मेहुणेही होते. जगातल्या एवढ्या मोठ्या संस्थेकडून हे झालं. आपल्या ग्रामपंचायतीच्या पत्रात आधी लिहिलेला आणि मग सौम्य केलेला राग असाच पंचायत समितीच्या टेबलावर वाचला जाऊ शकतो.

म्हणून बाहेर जाणारी प्रत वेगळी करते. सगळे बदल एकेक निकाली काढायचे, टिप्पण्या पुसायच्या, मग इन्स्पेक्टर चालवायचा, मग पीडीएफ. इन्स्पेक्टर फक्त या बाहेरच्या नकलेवर. सकाळच्या पतसंस्थेच्या फाइलीचं जे झालं ते याच क्रमाच्या उलट गेल्यानं.

सात

शटर अर्धं खाली घेतलं होतं तेव्हा ओळखीचे एक गृहस्थ आले. वडील गेले, तीन भाऊ, वाटणीपत्र करायचंय. एक उमरेडला, एक नागपूरला, एक पुण्याला. मसुदा वकिलांनी केलाय, तो तिघांत फिरतोय, आणि धाकट्याला वाटतंय की विहिरीच्या हिश्श्याची ओळ कोणीतरी बदलली. कोणावर नाव घेऊन आरोप नाही, पण बोलणं तुटायला आलंय.

वकिलांचा पहिला मसुदा त्या गृहस्थांच्याच मेलमधून काढला आणि आत्ताच्या फाइलीशी लावून बघितला. विहिरीची ओळ बदललेली नव्हती. वर एक परिच्छेद वाढला होता, त्यामुळे ती पुढच्या पानावर गेली होती आणि परिच्छेदांचे आपोआप पडणारे क्रमांक एकानं पुढे सरकले होते. धाकटा भाऊ जुन्या क्रमांकावर ती शोधत होता. आपोआप पडणारे क्रमांक सरकले तर त्याची लाल खूण होत नाही, हे माहीत नसेल तर संशय येणारच. दोन्ही प्रतींतली ती ओळ शेजारी शेजारी ठेवून पडद्याचा फोटो तिघांच्या ग्रुपवर टाकायला सांगितला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या टाकला.

मग वकिलांशी फोनवर बोलून फाइलीचं ट्रॅकिंग लॉक केलं. रिव्ह्यूमध्ये ट्रॅक चेंजेसखाली लॉक ट्रॅकिंग असतं. पासवर्ड दिला की कोणालाही ट्रॅकिंग बंद करता येत नाही आणि बदल अ‍ॅक्सेप्ट-रिजेक्टही करता येत नाहीत. पक्कं कुलूप आहे असं मी कोणाला सांगत नाही. मजकूर नव्या फाइलीत नेला तर ते सुटतं. त्यासाठी आजची प्रत वकिलांच्या मेलवर वेगळी ठेवली, म्हणजे उद्या कोणतीही फाइल आली तरी तिच्याशी लावून बघता येईल. तिघांच्या संगणकात युजर नेम कसं घालायचं ते बोलून एक छोटा आवाजी निरोप ग्रुपवर पाठवायला दिला. पुण्याच्या भावाकडे लिब्रेऑफिस आहे, त्याला एडिट मेनूतलं ट्रॅक चेंजेस सांगितलं.

“अन् पासवर्ड?” गृहस्थांनी विचारलं. तो तिघांपैकी कोणाकडेच नाही, वकीलसाहेबांकडे राहील. शनिवारी तिघं त्यांच्याकडे बसतील तेव्हा खुणांसकट तीन रंगीत प्रती लागतील, प्रत्येकाच्या हातात एक. त्या शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवते असं सांगितलं, आणि प्रिंट मार्कअपची खूण या वेळी मुद्दाम ठेवून.